दाबाची नथ

आमच्या दुकानात साडी पुतळ्यावर दाखवत नाहीत, बाईवर दाखवतात. डोंबिवलीत साड्यांच्या दुकानांना तोटा नाही आणि काचेतल्या पुतळ्यांनाही नाही, पण आमच्या अण्णांचं, म्हणजे मालकांचं, पहिल्यापासून एकच म्हणणं. पुतळ्याला खांदा असतो, पण त्याला पदर सावरता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक आलं की काउंटरवरची एक बाई साडी पटकन स्वतःच्या अंगावर घेते, निऱ्या चिमटीत धरून खोचल्यासारख्या करते, पदर खांद्यावर टाकते आणि आरशाकडे वळते. गिऱ्हाईक आरशात तिच्याकडे बघतं आणि तिच्या जागी स्वतःला बघायला लागतं. साडी विकली जाते ती त्या आरशात.

हे काम आधी मी करायचे. माझं नाव शकू, राहायला कल्याण पूर्वेला, दुकानात अण्णांचे केस काळे होते तेव्हापासून. पुढे माझे गुडघे गेले, कंबर सुटली, आणि एका दिवाळीनंतर अण्णांनी मला खाली बेसमेंटला अस्तर-परकरच्या काउंटरवर पाठवलं. "शकू, तुला बसून काम बरं पडेल," म्हणाले. माझ्या गुडघ्यांची त्यांना एवढी काळजी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. हातावर पोट असलं की तोंड शिवून घ्यावं लागतं.

माझ्या जागी आली कल्पिता घाडी. गाव कणकवलीकडचं, राहायला दिव्याला, नवरा साईनाथ वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो, एक मुलगी सान्वी, कॉलेजात. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, गेली बाई माझी जागा कायमची. सावळी, उंच, मान लांब. पण रूपापेक्षा तिचं बोलणं. दुसऱ्या बायका प्रत्येक साडीला "खूप सूट होते तुम्हाला" म्हणतात, ही सरळ सांगायची, "ही नका घेऊ ताई, ह्या रंगात तुम्ही आजारी दिसाल." मग जी घ्या म्हणेल ती बाई डोळे मिटून घ्यायची. आणि हसायची कशी, तर सगळा चेहरा हलायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना ओठांपर्यंत दोन रेघा पडायच्या. मला तिचा राग यायला पाहिजे होता, आला नाही. दुपारी ती जेवायला खाली माझ्या काउंटरवर यायची. तिच्या डब्यातला बांगडा मी खायचे, माझ्या डब्यातली सुकट ती खायची. असं आमचं जमलं.

नंतर अण्णांचा मुलगा ऋतुराज दुकानात बसायला लागला आणि त्याने लाईव्ह चालू केलं. मोबाईल स्टँडवर लावायचा, गोल दिवा पेटवायचा, आणि कल्पिता एकेक साडी अंगावर घेऊन दाखवणार. घरबसल्या बायका बघणार, ऑर्डर टाकणार. नागपूर-कोल्हापूरकडून ऑर्डरी यायला लागल्या. अण्णा बडबडायचे, "नाकापेक्षा मोती जड झालाय, दुकान राहिलं बाजूला," पण गल्ल्यावर बसल्यावर त्यांचा आवाज बंद. कल्पिता डोंबिवलीत ओळखीची झाली. भाजी घेताना बायका थांबवायच्या, तुम्ही त्या लाईव्हवाल्या ना म्हणून. तिला ते आवडायचं. का नाही आवडणार? दिव्याच्या चाळवजा बिल्डिंगीत पाण्यासाठी भांडून, बादल्या वर चढवून जी बाई कामाला येते, तिला कोणी ओळखलं तर तिने तोंड फिरवावं का?

मग नवीन मोबाईल आला. त्यात म्हणे कातडीचं छिद्रन्‌छिद्र दिसतं. खाली कॉमेंट यायला लागल्या. "ताई दमलेल्या वाटतात." "ताईंना बसवा कोणीतरी." आणि एकदा कोणा सटवीने लिहिलं, "आजी, पदराचा काठ दाखवा." कल्पिताने ते लाईव्हमध्येच वाचलं, हसून "दाखवते हां बाळा" म्हणाली आणि काठ दाखवला. त्या दिवशी दुपारी खाली आली ती डबा न उघडता बसून राहिली.

ऋतुराज एक नंबरचा हुशार. त्याने तिला कधी तुम्ही म्हाताऱ्या दिसता असं म्हटलं नाही. म्हणाला, "कल्पिता मॅडम, स्किनचं काहीतरी बघा ना. ठाण्याला माझ्या ओळखीचं क्लिनिक आहे, आपलं टायअप करून घेऊ, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही. मंगळागौरीच्या लाईव्हच्या आधी झालं तर बघा." मंगळागौरीचं लाईव्ह म्हणजे आमचा वर्षाचा मोठा दिवस. नऊवारी, पैठणी, नथी, सगळं त्या दिवशी. आणि त्याच आठवड्यात त्याने शिवानी नावाची एक पोरगी आणली. कॉलेज नुकतं संपलेलं, गाल फुगीर, हातात सारखा मोबाईल. "फक्त ट्रायल," म्हणाला. तिला कॉमेंट वाचायच्या कामाला बसवली, कल्पिताच्या समोरच्या स्टुलावर.

कल्पिता मला म्हणाली, "शकू, मला खाली यायचं नाही गो."

मी अस्तराचा तागा गुंडाळत होते. खाली म्हणजे माझ्या शेजारी. मला लागलं ते. पण खोटं काय होतं त्यात? वरच्या आरशात वीस वर्षं बघितलेली बाई परकराच्या नाड्यांत बसते तेव्हा तिला काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत? मी म्हटलं, "मग चल, बघून येऊ काय म्हणतात ते." सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी आम्ही ठाण्याला गेलेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही, राग धरायला माझ्याकडे दुसरी माणसं भरपूर आहेत. त्यांनी कल्पिताचा चेहरा दिव्याखाली धरला, गालाची कातडी चिमटीत घेऊन सोडली आणि म्हणाल्या, "तुमची स्किन दमलीये फक्त. हिला हळूहळू बरी करायची. घाईचं काम नाही."

मग त्यांनी एकेक इंजेक्शन समजावून सांगितलं. पहिलं, आपलंच रक्त. हातातून काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातलं पिवळं पाणी बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडायचं. तिथल्या तिथे बोट टोचून तपासलं, तर कल्पिताच्या अंगात रक्तच कमी. "आधी हे भरून काढा, मग चेहऱ्याचं बघू," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, हिला उपास किती असतात ते विचारा." कल्पिताने मला कोपर मारलं.

दुसरं, कातडीत पाणी धरून ठेवणारं. गालात ठरलेल्या जागी थेंब थेंब सोडतात, मग ते आत पसरतं. महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा घ्यायचं, मग तुकतुकी येते. कल्पिताला हसू आवरेना. "आमच्या नळाला पाणी नाही मॅडम, आणि मी गालात भरून घेऊ?" बाई पण हसल्या.

तिसरं नाव लांबलचक होतं, मला धरता आलं नाही. तिथली नर्स त्याला सामनवालं म्हणत होती. सामन म्हणून परदेशातला मासा असतो, त्याच्यापासून काढलेला अर्क. डोळ्यांखालची कातडी त्याने भरून येते, आतून बरी होते. "मी तुम्हाला हेच सांगेन," बाई म्हणाल्या. "सावकाश आहे, पण तुमच्यासाठी हेच योग्य. दिवाळीपर्यंत छान दिसाल."

कल्पिता म्हणाली, "मासा?"

"शुद्ध केलेलं असतं हो. मासा असा काही राहत नाही त्यात."

"श्रावण चालू आहे मॅडम."

डॉक्टरीणबाईंना वाटलं ती गंमत करतेय. तिची गंमत नव्हती. वर्षभर बांगड्यासाठी जीव टाकणारी ही बाई, श्रावण लागला की माझ्या डब्यापासून लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. आमच्यात श्रावण पाळत नाहीत. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. एरवी मी तिला चिडवायचे, घे गो एक तुकडा, देव काय डब्यात डोकावतो का. त्या दिवशी चिडवलं नाही, समजावलं. "अगं, तोंडाने खायचंय का तुला?"

"तोंडाने खाल्लेलं दुसऱ्या दिवशी जातं. हे अंगात राहणार. गौरीला ओवसायला कशी उभी राहू मी मग?"

गौरीचा ओवसा म्हणजे त्यांच्याकडे केवढी गोष्ट. गौरीपुढे ओवाळायची भरलेली सुपं घेऊन गावाला जाते ती दर वर्षी, सासू तिची वाट बघत असते. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही. गणपती झाले की या, तेव्हा करू." झालं, विषय संपायला पाहिजे होता तिथे. कोणाचं काही अडलं नसतं. पण कल्पिता उठेना. पर्स मांडीवर धरून बसली आणि म्हणाली, "मॅडम, लगेच दिसेल असं काहीच नाही का? पुढच्या मंगळवारी मला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय."

बाईंनी परत तिचा चेहरा दिव्याखाली धरला. मग म्हणाल्या, "फिलर आहे. नाकाच्या बाजूच्या ह्या दोन घड्या भरता येतात. त्याच दिवशी फरक दिसतो. पण सगळ्यात जपून करायचं तेच. तिथून नाकाला रक्त नेणारी नस जाते."

"त्यात मासा नाही ना?"

"नाही."

"मग ते करा."

एवढ्यावर निवड झाली. माणसं कांदे-बटाटे घेताना ह्याहून जास्त विचार करतात. पण तिला वेडी म्हणायचं तर कशावरून म्हणू? तिने आपल्या परीने हिशोब बरोबर केला. देव सांभाळला, नोकरी सांभाळली. राहता राहिलं नाक.

घरी साईनाथ म्हणाला होता, "मला तर तुझ्या तोंडात काही खराब दिसत नाही." तर ही म्हणाली, "तुम्हाला दिसून उपयोग काय, तुम्ही साड्या घेता का?"

पुढच्या सोमवारी, लाईव्हच्या आदल्या दिवशी, इंजेक्शन झालं. मी बाहेर बसलेले. आत बोलावलं तेव्हा त्या दोन रेघा नव्हत्या. थोडी सूज होती, पण चेहरा कसा, कोणीतरी इस्त्री फिरवल्यासारखा. ती आरशात बघत राहिली. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, आम्ही दोघी ऐकत होतो. दोन आठवडे नाकावर चष्मा-गॉगल टेकवायचा नाही, पालथं झोपायचं नाही, जिम नाही, वाफ नाही, पार्टीत ड्रिंक्स नाही, फेशियल नाही. कल्पिता म्हणाली, "मॅडम, ह्यातलं मी जन्मात काही केलेलं नाही." तेव्हा बाई गंभीर झाल्या. "आणि हे मात्र नीट ऐका. खूप दुखायला लागलं, किंवा कातडी पांढरी पडली, निळसर जाळं दिसलं, तर वेळ बघायची नाही. मला फोन करायचा. लगेच." कल्पिताने मान हलवली. मीही हलवली.

मंगळवारी दुकान सजलेलं. झेंडू, रांगोळी, वर गोल दिवा. मला घड्या घालायला वर बोलावलं होतं, कारण कल्पिता साड्या सोडत जाते तसा ढीग पडतो. तिने नऊवारी नेसली, अंबाड्यावर गजरा, कपाळाला चंद्रकोर, आणि नाकात दुकानातली नथ. लहानपणी टोचलेलं तिचं नाक केव्हाच बुजलेलं, म्हणून दाबाची नथ. दाबाच्या नथीला भोक लागत नाही, ती चिमट्यासारखी नाकपुडीला बसते. मोत्यांची, मोठी, जड. सैल लावली तर निऱ्या करताना खाली पडते, म्हणून जरा दाबूनच बसवतात. महाराष्ट्रातल्या निम्म्या बायका लग्नात तशीच लावतात आणि घरी येऊन नाक चोळत बसतात. त्यात नवीन ते काय?

लाईव्ह चालू झालं. शिवानी कॉमेंट वाचत होती. "ताई, किती फ्रेश." "ताई, दहा वर्षांनी लहान झालात." "ताई, नथ कुठली?" कल्पिता रंगात आली. टाचणी ओठांत धरून पदर लावायची, टाचणी काढून बोलायची, परत ओठांत धरायची. मी तिला इतकी खूष त्याआधी बघितली नव्हती. म्हटलं, जिंकली बाई.

बऱ्याच साड्या झाल्यावर ती वाकून नवीन पैठणी घ्यायच्या निमित्ताने माझ्या कानाशी आली. ती गावची भाषा कधी बोलायची नाही दुकानात. म्हणाली, "शकू, माका दुखता गो."

मी बघितलं. नथीच्या चापाखाली आणि आजूबाजूला कातडी पांढरी झालेली. दाबाच्या नथीखाली पांढरी होतेच. मी नखाने चाप जरा फाकवला. "बरं वाटतं?" तिने मान हलवली, हो का नाही ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने परत डोळ्यांत पाणी. ऋतुराज मोबाईलच्या मागून हळू आवाजात म्हणाला, "नथ टाइट असेल. मॅडम, काढू नका हां प्लीज, सगळ्या नथच विचारतायत." शिवानी म्हणाली, "मला पण ताईच्या लग्नात नथ अशीच टोचलेली." मी म्हटलं, झालंच आता, सोस थोडं. नथ सोसायची असते हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आईने सोसली, सासूने सोसली. ती परत कॅमेऱ्याकडे वळली आणि हसली.

पांढरं पडलं तर फोन करा. दोघींनी ऐकलं होतं. पण दुखण्याला कारण समोर नाकात लटकत असताना दुसरं कारण कोण शोधत बसतं?

लाईव्ह संपल्यावर नथ काढली, तर नाकपुडीला चापाचे दोन खड्डे, आणि वरच्या बाजूला जांभळट जाळी. "वळ उठलाय," शिवानी म्हणाली आणि फ्रीजमधला बर्फ घेऊन आली. बर्फ लावला. नंतर कळलं, त्याने नसा आणखी आकसतात, तोही लावायचा नव्हता. ऋतुराज म्हणाला, "मॅडम, फाडलंत आज तुम्ही." अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले. कल्पिता रुमालाने नाक धरून घरी गेली, पण गेली ती हसत.

बुधवारी नाकपुडीवर बारीक पाणी धरलेले फोड. तिने पावडर लावली आणि कामाला आली. म्हणे नथ जुनी होती, धातू चावला असेल. मीही बघून म्हटलं, खोबरेल लाव. संध्याकाळी सान्वीने मोबाईलवर काय काय वाचलं आणि म्हणाली, "आई, हे नथीचं नाहीये." कल्पिता तिच्यावर ओरडली, तुला सगळं त्या मोबाईलमध्येच दिसतं म्हणून. पोरगी रडली, पण ऐकेना. गुरुवारी सकाळी फोन केला आणि मी तिला घेऊन ठाण्याला गेले.

डॉक्टरीणबाईंनी चेहरा बघितला आणि हातमोजे चढवता चढवता विचारलं, "कधीपासून?" कल्पिताने सांगितलं. "नस बंद झालीये, नाकाला रक्तच पोचत नाही," बाई म्हणाल्या. फिलर विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते त्या परत परत देत राहिल्या, इतक्या वेळा की मला बघवेना. कल्पिता माझा हात धरून होती. सगळं झाल्यावर बाई खुर्चीत बसल्या. "मंगळवारीच यायला हवं होतं तुम्ही. मी सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "मॅडम, आम्हाला नथीचं वाटलं."

"नथ?"

मी सांगितलं, दाबाची. बाईंनी हातमोजे काढून ठेवले. "चष्म्याचं सांगितलं मी," म्हणाल्या. "गॉगलचं सांगितलं. नथ माझ्या डोक्यातच आली नाही." मराठी बाई होत्या त्या. त्यांच्या लग्नात त्यांनी पण लावली असणार.

खपली काळी पडली आणि गणपतीत गळली. डाव्या नाकपुडीची कड गेली. उंदराने कुरतडल्यासारखी खाच आहे तिथे आता, आणि वर गालाकडे डाग. त्या वर्षी कल्पिता गावाला गेली नाही. सासूला सांगितलं, सुट्टी नाही. ज्या ओवशासाठी मासा नाकारला, तो ओवसा राहिलाच. ह्याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने म्हणावं. मला त्या गौरीसमोर उभं राहून चार शब्द सुनावावेसे वाटले होते, मी ते काही पाळणारी नसले तरी.

डाग जरा भरून यावा म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुढे काय सुचवलं असेल? तेच, सामनवालं. आणि अंगात रक्त भरलं की स्वतःच्या रक्ताचं. फुकट करते म्हणाल्या, आणि करतायत. पहिलं सामनवालं घेतलं तेव्हा मी बरोबर होते. सुई जाताना कल्पिता म्हणाली, "घाला मॅडम. आता मला काही पाळायचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भाजी होती, मासा नव्हता. मी सुकट पुढे केली, तर म्हणाली, "नको गो, आता इच्छा नाही." आजपर्यंत तिने परत मासा खाल्लेला मी बघितला नाही.

ऋतुराज तिला भेटायला दिव्याला गेला होता, फळं घेऊन. म्हणाला, "मॅडम, मी कधी इंजेक्शन घ्या म्हटलं होतं का?" नव्हतं म्हटलं. खरंच नव्हतं. त्याने फक्त म्हटलं होतं काहीतरी बघा. कोणीच काही म्हटलं नव्हतं. मालकाने म्हटलं नव्हतं, डॉक्टरने थांबा म्हटलं होतं, नवऱ्याला ती चांगलीच दिसत होती. मग ती एवढी घाबरली कोणाला? मी सांगते कोणाला. मला. रोज दुपारी खाली येऊन डबा खाताना तिला समोर मी दिसत होते, परकरांच्या गठ्ठ्यात बसलेली. ह्यात माझा दोष नाही आणि तरी ते मला रात्रंदिवस खातं.

ती कामावर परत आली तेव्हा वर शिवानी लाईव्ह करत होती. अण्णा स्वतः जिना उतरून खाली आले, कल्पिताला खुर्ची दिली आणि म्हणाले, "कल्पिता, तुला बसून काम बरं पडेल." शब्दाला शब्द तेच. बापाने पोराला दुकान दिलं, पण वाक्य स्वतःकडे ठेवलं. आता ती माझ्या शेजारी बसते. फोनवरच्या ऑर्डरी घेते, आवाज गोड आहे ना म्हणून, आणि गर्दी असली की अस्तरं दाखवते. तोंडाला मास्क असतो. धुळीची ॲलर्जी आहे असं सांगते.

मंगळागौरीचा तो व्हिडिओ काढून टाका म्हणून मी ऋतुराजला सांगायला गेलेले. म्हणाला, "शकूताई, आपला सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ आहे तो. वर पिन केलाय." आणि ती नथ, तशाच नथींचा आख्खा बॉक्स त्याने मागवला. बायका व्हिडिओ बघून मागतात. त्यातल्या काही खाली आमच्या काउंटरवर पण ठेवल्यात, अस्तराबरोबर जातात म्हणून.

परवा एक मायलेकी आल्या, मुलीचं लग्न ठरलेलं. वरून पैठणी घेतलेली, अस्तर बघायला खाली पाठवलं. मुलीने नथ उचलली. "आई, हीच ती." कल्पिता पुढे झाली, तिने मुलीच्या नाकाला नथ बसवली, बोटांनी, हळू. विचारलं, "दुखतंय?"

"थोडं. चालेल."

"नाही चालत," कल्पिता म्हणाली आणि नथ काढून घेतली. चाप सैल केला, परत लावली, परत विचारलं. असं करत राहिली, मुलगी नाही म्हणेपर्यंत. आईला कंटाळा आला. तिने मोबाईल काढला आणि आमच्यासमोर धरला. त्यात कल्पिता होती, चंद्रकोर, गजरा, हसतेय. कल्पिता बघत होती. व्हिडिओत एका जागी तिचे डोळे बारीक झाले. ती वाकून माझ्या कानाशी आली होती ती जागा.

"ह्या बाई नसतात का हो आता?" आई म्हणाली. "आम्ही खास ठाण्याहून आलो. म्हटलं, त्यांच्या हातूनच घेऊ. त्या खोटं सांगत नाहीत कोणाला."

मी तोंड उघडलं होतं. कल्पिताने काउंटरखाली माझा हात दाबला.

"नाही," ती म्हणाली. "त्या गेल्या सोडून." आणि मागच्या कप्प्यातून तागा ओढून काउंटरवर उलगडला. "अस्तर काठाच्या रंगाचं देऊ, का अंगाच्या?"